इंजिन, पंप आणि मधलं कपलिंग: लाकूड फोडायच्या यंत्राच्या नोंदी

४ फेब्रुवारी २०२४

मामांची कोल्हापूरजवळ लाकडाची वखार आहे. बाभूळ, सुबाभूळ आणि निलगिरी. ओंडके अजूनही घण आणि पाचरीनं फोडतात. गाठीची बाभूळ असली की दोन माणसं एका ओंडक्यावर अर्धा अर्धा तास घालवतात. मामा साठीला आलेत आणि तरी घण स्वतः उचलतात, म्हणून हे यंत्र करायचं ठरवलं. फॅब्रिकेशनचं काम माझं रोजचं आहे, पण इंजिनाला हायड्रॉलिक पंप मी पहिल्यांदाच जोडतोय. दुसऱ्या कुणाला हेच करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून रोजच्या रोज लिहून ठेवणार आहे.

इंजिन घरचंच. विहिरीवर मोटर बसल्यापासून पडून असलेलं एका सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं डिझेल, १० एचपी, १५०० आरपीएम. हँडल मारून चालू होतं. पाचर ढकलणारा हायड्रॉलिक सिलिंडर १०० मिमी बोअर (आतला व्यास), ५० मिमी रॉड, ६०० मिमी स्ट्रोकचा (पुढे-मागे जाण्याची लांबी) घ्यायचा. १६० बारला त्यातून साधारण १२.८ टन जोर मिळतो. पंप १४ सीसीचा गिअर पंप. १५०० फेऱ्यांना २१ लिटर, गळती वजा जाता २० धरले, तर पाचर पुढे जायला १४ सेकंद आणि मागे यायला ११ सेकंद. वखारीला एवढा वेग पुरेसा आहे.

दोन आकडे इथंच लिहून ठेवतो, पुढे सारखे लागतील. १६० बारला पंप फिरवायला लागणारा टॉर्क (फिरवण्याचा जोर) सुमारे ४० न्यूटन-मीटर. इंजिनाचा पूर्ण ताकदीचा टॉर्क सुमारे ४७ न्यूटन-मीटर (किलोवॅट गुणिले ९५५०, भागिले आरपीएम). हेच १० एचपी ३००० आरपीएमच्या इंजिनातून आले असते तर टॉर्क निम्मा, साडेतेवीसच भरला असता. म्हणजे कपलिंग (इंजिन आणि पंपाचे शाफ्ट, म्हणजे फिरते दांडे, जोडणारा भाग) नुसत्या एचपीवरून मागू नका. दुकानदारानं आरपीएम विचारलं नाही तर आपणहून सांगा.

८ फेब्रुवारी

पंप आणला, ६,८०० रुपये. दोन बोल्टचा एसएई-ए मापाचा फ्लँज (पंप बसवायचं तोंड), म्हणजे ८२.५५ मिमीचा गोल खांदा आणि बोल्टच्या मध्यांत १०६.४ मिमी अंतर. शाफ्ट पाऊण इंची, सरळ, चावीचा (चावी म्हणजे शाफ्ट घसरू नये म्हणून खाचेत बसणारा लोखंडी तुकडा). त्याच पंपात १:८ टेपरचा शाफ्टही मिळत होता आणि नऊ दातांचा स्प्लाइनही (दातेरी शाफ्ट). टेपर पकड चांगली धरतो, पण कपलिंगला तसा टेपर बोअर काढणारा माणूस हवा. स्प्लाइनचा हब (शाफ्टवर बसणारा कपलिंगचा अर्धा भाग) तयार घ्यावा लागतो. आमच्याकडे गावच्या लेथवर सगळ्यात सहज होणारं काम म्हणजे सरळ बोअर आणि चावीची खाच, म्हणून सरळ शाफ्ट घेतला.

फिरण्याची दिशा दुकानदारानं विचारली. मी सकाळीच इंजिन चालू करून फ्लायव्हीलवर खडूनं बाण काढला होता. फ्लायव्हीलसमोर उभं राहिलं की घड्याळाच्या दिशेनं फिरतं. तसंच सांगितलं आणि तसाच पंप घेतला.

१३ फेब्रुवारी

आज पूर्ण दिवस उद्यमनगरात (कोल्हापूरची औद्योगिक वसाहत) गेला. कपलिंगचे पाच प्रकार हातात घेऊन पाहिले.

घरी विहिरीच्या जुन्या पंपाचं पिन-बुशचं कपलिंग पडलंय, ते फुकटात झालं असतं. पण एका बाजूला ३८ चा बोअर आणि बुशा झिजून अंडाकृती झालेल्या. पंपाच्या बाजूला आत बुश ठोकून १९ वर आणावं लागलं असतं, तो विचार सोडला.

चेन कपलिंग स्वस्त आणि दणकट. दोन चक्रं आणि त्यांवर दुपदरी साखळी. पण साखळीत लवचिकपणा नसतो. एका सिलिंडरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच धक्का देतं आणि साखळी तो धक्का जसाच्या तसा पंपाच्या चावीला पोचवते. शिवाय ग्रीस आणि झाकण हवंच, आणि वखारीत भुसा उडतो.

टायर कपलिंग मला मनापासून आवडलं. रबराचा टायर वाकडेपणाही सोसतो आणि धक्काही. पण आकारानं मोठं, आणि माझ्या मापात ४,६०० रुपये सांगितले.

नायलॉनच्या स्लीव्हचं गिअर कपलिंग पॉवरपॅकवाले (तयार हायड्रॉलिक संच करणारे) बेलहाउसिंगबरोबर, म्हणजे इंजिन आणि पंपामधल्या कवचाबरोबर, सर्रास वापरतात. बेलहाउसिंग असेल तर छान, कारण दोन्ही शाफ्ट आपोआप एका रेषेत येतात. माझ्या इंजिनाचं फ्लायव्हील उघडं आहे, बेलहाउसिंग बसवायला त्याला तोंडच नाही.

राहिलं जॉ कपलिंग. दोन ओतीव हब आणि मध्ये रबराची चांदणी. दुकानात त्याला सगळे लव्हजॉयच म्हणतात आणि चांदणीला स्पायडर. इंजिनाच्या फ्लायव्हीलला बोल्ट केलेला शाफ्ट ३५ मिमीचा आहे. कपलिंगच्या एल-१०० या मापात जास्तीत जास्त ३५ चा बोअर बसतो आणि साध्या काळ्या रबरावर त्याचा टॉर्क ४७ न्यूटन-मीटर. माझी गरज ४० ची. जुळलं असं वाटलं आणि घेतलं, ९५० रुपये.

(इथली चूक पुढे २ मार्चला कळली. जागेवर लिहिलेलं खोडत नाही.)

१५ फेब्रुवारी

लेथवाल्या बापूंकडे दोन्ही हब दिले. "इंजिनाकडे ३५, चावी १०. पंपाकडे १९, चावी ५." हे आकडे मी व्हर्नियरनं मापून दिले होते. बापूंनी बरोबर १९.०० चा बोअर काढून दिला आणि घरी आणल्यावर तो पंपावर गेला नाही.

पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी. व्हर्नियरवर ०.०५ डोळ्यांना दिसलं होतं, पण मी ते १९ असंच वाचलं. चावीसुद्धा इंचीच, ३/१६, म्हणजे ४.७६ मिमी. खाच झाली ५ ची.

पुन्हा बापूंकडे जायला दीड तास लागतो, म्हणून एमरी पेपर गुंडाळून बोअर हातानं घासला. हब गेला, पण तोंडाशी सैल आणि आत घट्ट. खाचेत चावी पाव मिलिमीटर हलत होती. ग्रब स्क्रू (हबमधून शाफ्टवर दाबणारा बिनडोक्याचा स्क्रू) आवळला की धरेल असं समजून पुढे गेलो. इथं दीड तास वाचवला आणि पुढे पंधरा दिवस घालवले.

संध्याकाळी फोनवर बापूंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आकडा कशाला सांगतोस? पंपच आणून ठेवायचा समोर. आणि हब बसत नसला तर घण लावू नकोस बाबा, आतल्या प्लेटा जातील." शाफ्टवर मारलेला ठोका सरळ पंपाच्या आतल्या बुश-प्लेटांवर जातो. हब घट्ट असेल तर तो तेलात तापवून सरकवायचा, पंपाला हातोडा दाखवायचा नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

बैठक तयार झाली. १२५ च्या दोन सी-चॅनेलवर इंजिन, त्याखाली रबरी पॅड, कारण हे इंजिन फार थरथरतं. पंपासाठी १२ मिमी प्लेटचा उभा ब्रॅकेट, मागून दोन गसेट (तिरके आधार), थेट चॅनेलला वेल्ड. प्लेटचं भोक ८२.६ ला टर्न करून घेतलं. पंपाला मध्यावर धरतो तो गोल खांदा, बोल्ट नुसते दाबून ठेवतात. त्यामुळे हे भोक गॅसनं कापू नका.

दोन्ही हबांवर स्टीलची पट्टी ठेवून वरून आणि बाजूनं पाहिलं. पट्टी दोन्हीकडे टेकली.

टाकीत ४० लिटर ६८ नंबरचं तेल. लिव्हर व्हॉल्व्ह मध्यावर असला की तेल सरळ टाकीत परत जातं, त्यामुळे हँडल मारताना पंपाचा भार येत नाही. हे फार महत्त्वाचं, नाहीतर हातानं इंजिन फिरणारच नाही.

मामांनी नारळ फोडला. मी हँडल मारलं, इंजिन लागलं आणि पाच-सात सेकंदांत पंपाच्या शाफ्टकडून तेलाचा फवारा आला. ऑइल सील जागा सोडून बाहेर आलं होतं. बंद करेपर्यंत अंदाजे दोन लिटर तेल जमिनीवर.

पंप उलटा फिरत होता. इंजिन मी फ्लायव्हीलसमोर उभं राहून पाहिलं होतं. पंपाची दिशा पंपाच्या शाफ्टसमोर उभं राहून सांगतात. पण हे दोन शाफ्ट एकमेकांच्या समोर तोंड करून उभे असतात. इंजिन त्याच्या समोरून घड्याळाच्या दिशेनं फिरत असेल, तर पंप त्याच्या समोरून घड्याळाच्या उलट दिशेचा लागतो. पंप उलटा फिरला की दाब सक्शनच्या बाजूला येतो आणि सीलला तो दाब सोसत नाही.

आता असं करतो: खडूचा बाण कपलिंगच्या हबवरच काढायचा, मग पंपाच्या बाजूला जाऊन उभं राहायचं आणि तिथून तो बाण कुठं जातो ते पाहायचं.

२३ फेब्रुवारी

दुकानदारानं पंप उघडून दिशा उलटी करून दिली. या बनावटीच्या पंपात तसं होतं, सगळ्यांत होत नाही. नवीन सील किट धरून ७०० रुपये आणि चार दिवस.

बसवून चालू केलं. या वेळी सील कोरडं. पाचर पुढे गेली, मागे आली. निलगिरीचा पहिला ओंडका सुपारीसारखा फुटला. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग दुसरा ओंडका स्वतः आणून ठेवला.

२५ फेब्रुवारी

दोन दिवसांत मिळून पाच तास काम. कपलिंगखाली चॅनेलवर काळा भुगा जमलाय, बोटाला लावून पाहिला तर रबर. नवीन स्पायडर बसताना थोडा घासतो असं कुणीतरी सांगितलं आणि मी ते मानलं.

ते खरं नव्हतं. चांगल्या लागलेल्या जॉ कपलिंगखाली भुगा पडत नाही, हे मी आता स्वतः पाहिलंय. भुगा दिसला की थांबायचं.

२ मार्च

अकरा तासांत स्पायडर संपला. बाभळीचा ओंडका लागलेला असताना खडखडाट सुरू झाला. इंजिन बंद करून पाहिलं, तर चांदणीचे तीन पाय तुटून पडलेले आणि लोखंड लोखंडावर आपटत होतं.

रात्री बसून नीट हिशेब केला. १५०० आरपीएमला एका सिलिंडरचं इंजिन सेकंदाला साडेबारा धक्के देतं, तासाला ४५,०००. अकरा तासांत पाच लाखांच्या आसपास. ४७ न्यूटन-मीटर हा सरासरीचा आकडा आहे. प्रत्येक स्फोटाच्या क्षणी शाफ्टवर येणारा टॉर्क याच्या कितीतरी वर जातो. कॅटलॉगात म्हणूनच सर्व्हिस फॅक्टर (टॉर्क किती पट धरायचा तो आकडा) असतो. विजेच्या मोटरवर सारखा भार असेल तर १ चालतो, एका सिलिंडरच्या डिझेलला तो दुपटीच्या वर धरायला हवा. मी तो धरलाच नव्हता. ३५ चा शाफ्ट बसतोय एवढं पाहून कपलिंग घेतलं होतं. बोअर बसणं हे शेवटी तपासायचं, टॉर्क आधी.

हे कळूनही आज मात्र स्वस्तातला उपाय केला. त्याच मापाचा पॉलियुरेथेनचा स्पायडर मागवला. त्याचा टॉर्क रबराच्या दीडपट, म्हणजे एल-१०० ला ७० पर्यंत. २८० रुपये.

९ मार्च

नवीन स्पायडर नऊ तास टिकला, मोडला नाही. आवाज मात्र कडक झाला आणि आज पंपच फिरायचा थांबला. इंजिन चालू, हब फिरतोय, शाफ्ट जागेवर. चावी कापली गेली होती.

हब काढला. खाचेच्या कडा मऊ पत्र्यासारख्या लोळल्या होत्या आणि शाफ्टवर तांबूस भुकटी, म्हणजे लोखंड लोखंडावर घासून झालेला गंज. पाव मिलिमीटर सैल असलेली चावी प्रत्येक धक्क्याला इकडून तिकडे आपटत होती. काळं रबर यातले बरेच धक्के पोटात घेत होतं. टणक स्पायडर आल्यावर ते सगळे चावीवर गेले. १५ फेब्रुवारीची एमरी पेपरची घाई इथं भोवली. पंपाच्या शाफ्टची खाच सुदैवानं शाबूत आहे. ती गेली असती तर पंपच गेला असता.

तरी एक प्रश्न उरला होता. पट्टी तर दोन्हीकडे टेकली होती, मग पहिल्यांदा रबराचा एवढा भुगा का पडला? जुना रबरी स्पायडर तात्पुरता घालून इंजिन चालू केलं, लांब उभं राहून बॅटरीचा झोत कपलिंगवर मारला आणि पुतण्याला इंजिन बंद करायला सांगितलं. थांबताना इंजिन जे हललं ते पाहून कारण कळलं. इंजिन रबरी पॅडवर आहे, पंप चॅनेलला वेल्ड आहे. थांबताना इंजिनाचा शाफ्ट पंपापासून पाच-सहा मिलिमीटर इकडे तिकडे डोलतो. या रबरी स्पायडरला शाफ्टमधला फरक चालतो ०.३८ मिमी.

थांबलेल्या इंजिनावर पट्टी ठेवून मी जे पाहिलं, त्याचा चालू इंजिनाशी काही संबंध नव्हता.

१० ते १६ मार्च

यंत्र बंद. मामांनी होळीसाठी लाकडाच्या ऑर्डरी घेतल्यात, त्यामुळे जीव टांगणीला लागला होता. पण पुन्हा तात्पुरतं काही करायचं नाही हे ठरवलं.

बैठक कापली. आता इंजिन आणि पंप दोन्ही एकाच जाड फ्रेमवर आहेत. १२५ चे चॅनेल, मध्ये दोन आडव्या पट्ट्या, वर १६ मिमीची प्लेट. इंजिन या प्लेटवर थेट बोल्टनं, पंपाचा ब्रॅकेट त्याच प्लेटवर बोल्टनं, वेल्ड नाही, म्हणजे शिम (उंची जुळवायचा पातळ पत्रा) घालता येईल. रबरी पॅड या सगळ्या फ्रेमच्या खाली. इंजिन डोललं तरी पंप त्याच्याबरोबर डोलतो, दोघांतलं अंतर बदलत नाही. पंपाच्या दोन्ही नळ्या लवचिक होजच्या केल्या, नाहीतर कडक पाइपनं पंप पुन्हा एका जागी धरला असता.

साहित्य आणि वेल्डिंग रॉड मिळून ४,१०० रुपये. मजुरी स्वतःची.

कपलिंग नवीन. इंजिनाचा पूर्ण टॉर्क ४७, त्याला २.५ नं गुणलं, ११७. एल-११० रबरावर ९० च्या आसपास थांबतो, एल-१५० ला १४० मिळतात. एल-१५० घेतलं, काळ्या रबराच्या स्पायडरसकट २,३५० रुपये. हब जवळजवळ माझ्या तळहाताएवढा आहे आणि पंपाच्या बारीक शाफ्टवर तो विनोदी वाटेल अशी भीती होती, पण हबच्या दंडात आता भरपूर लोखंड उरतं. एल-१०० मध्ये ३५ चा बोअर आणि वर चावीची खाच काढल्यावर भिंत पातळ झाली होती.

कुणी विचारेल की लहान कपलिंगातच आणखी टणक स्पायडर का नाही घातला, कॅटलॉगात रबराच्या तिप्पट टॉर्कचाही मिळतो. मिळतो, पण जेवढा टणक तेवढा तो धक्का कमी गिळतो आणि शाफ्टमधला वाकडेपणाही कमी सोसतो. एका सिलिंडरच्या इंजिनाला मऊ स्पायडर आणि मोठं माप हेच बरोबर, असं माझं आता पक्कं मत झालंय.

या वेळी पंप पिशवीत घालून बापूंकडे गेलो. त्यांनी शाफ्ट मायक्रोमीटरनं मापला, तसा बोअर काढला, आणि खाच चावी हातात धरून त्या मापाची केली. हब अंगठ्याच्या जोरानं सरकला, कुठं ढिला नाही. ग्रब स्क्रू दोन, एक चावीवर आणि दुसरा ९० अंशांवर, लॉकिंग लिक्विड लावून. बापूंनी मजुरी ४०० घेतली आणि चहा पाजला.

१७ मार्च, रविवार

अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणणं. मित्राकडून डायल गेज (बारीक फरक दाखवणारं घड्याळासारखं माप) आणि मॅग्नेट स्टँड आणला.

आधी नुसत्या इंजिनाच्या शाफ्टवर गेज लावून फ्लायव्हील हातानं फिरवलं, डीकॉम्प्रेशनची (सिलिंडरमधला दाब सोडणारी) खिट्टी उचलून. शाफ्टच फिरताना ०.२८ मिमी डोलत होता! म्हणजे पंप कितीही नेमका बसवला असता तरी हा डोल राहिलाच असता. शाफ्ट खोलला, तर फ्लायव्हीलच्या बसायच्या जागेवर जुन्या रंगाचा थर आणि गंज. घासून साफ केलं, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. आता ०.०६. अर्ध्या तासाचं काम, पण हे न करता पुढे गेलो असतो तर सगळा दिवस शिम घालण्यात गेला असता.

मग स्टँड इंजिनाच्या हबवर, गेजचं टोक पंपाच्या हबच्या कडेवर, आणि दोन्ही हब एकत्र फिरवत चार ठिकाणी वाचन: वर ०, उजवीकडे ०.३४, खाली ०.९०, डावीकडे ०.५६. वर-खालची बेरीज आणि डाव्या-उजव्याची बेरीज सारखी यायला हवी. इथं दोन्ही ०.९०, म्हणजे गेज कुठं सरकलं नाही. गेज दुप्पट फरक दाखवतं. खाली ०.९० म्हणजे पंप ०.४५ नं खाली आहे. बाजूचा फरक ०.५६ मधून ०.३४ वजा, त्याचं निम्मं, ०.११.

ब्रॅकेटखाली ०.३० आणि ०.१५ चे शिम घातले. बोल्ट आवळले तर वाचन पुन्हा बदललं, कारण ब्रॅकेटचा एक पाय प्लेटला टेकतच नव्हता. त्या पायाखाली वेगळा पातळ शिम. चौथ्या फेरीला खाली ०.१२, बाजूंना ०.०४ आणि ०.०८. म्हणजे उंचीतला फरक ०.०६. यापुढे मागे लागलो नाही.

दोन हबांमधली फट फीलर गेजनं: वर २.६०, खाली २.८५. ९५ मिमीच्या हबवर हा कोन अंशाचा सहावा-सातवा भाग भरतो, चालतो १ अंशापर्यंत. फट मुद्दाम ठेवलीय. हब एकमेकांत दाबून बसवले तर स्पायडर शाफ्टला लांबीच्या दिशेनं ढकलत राहतो आणि तो दाब पंपाच्या आत जातो.

सकाळी नऊला बसलो, संध्याकाळी पाचला उठलो. पुढच्या वेळी दोन तासांत होईल.

२० मार्च

अर्धा तास चालवून गरम इंजिनावर पुन्हा वाचन घेतलं. खाली ०.२६. इंजिन तापून थोडं उंचावतं, त्यामुळे फरक ०.१३ झाला. मर्यादेच्या बराच आत आहे, तसाच सोडला. भुगा नाही. थांबल्यावर हबला हात लावून पाहिला, कोमट.

कपलिंगवर २ मिमी पत्र्याचं झाकण केलं, चार बोल्टचं. मामांच्या खांद्यावर कायम टॉवेल असतो आणि वखारीत कामाला येणाऱ्या बायकांचे पदर असतात. झाकणाशिवाय इंजिनाला हँडल मारायचं नाही हे मी मामांना सांगितलं आणि त्यांनी सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं.

२४ मार्च, होळी

चार दिवसांत तेवीस तास काम. शेवटची ऑर्डर दुपारी दोनला गेली. मामा संध्याकाळी म्हणाले, "यंदा पाठ दुखली नाही बघ." रात्री होळीसमोर उभा असताना माझं लक्ष सारखं ओंडक्यांच्या फोडीकडे जात होतं.

१४ एप्रिल

५२ तास झाले. झाकण काढून पाहिलं. स्पायडरच्या पायांवर हबच्या दातांचा हलका ठसा आहे, कडा शाबूत, भेग नाही. चावीला बोटानं हलवून पाहिलं, हलत नाही. ग्रब स्क्रू दोन्ही घट्ट. ब्रॅकेटचा एक बोल्ट मात्र पाव फेरा आवळला गेला. त्यानंतर गेज लावलं, वाचन बदललेलं नाही.

रिलीफ व्हॉल्व्हही (दाब ठरलेल्या मर्यादेवर रोखणारा) आजच तपासला. वखारीतल्या एका पोरानं अडलेला ओंडका फुटावा म्हणून तो आवळून ठेवला होता, दाब १९० पर्यंत जात होता. १९० बारला पंपालाच ४७ न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे इंजिनाची सगळी ताकद. इंजिन गुदमरत होतं ते त्यामुळे. परत १६० वर आणून त्यावर तारेचं सील लावलं. पोराला रागावलो नाही, गाठीच्या ओंडक्याला टोकाकडून न लावता गाठ टाळून बाजूनं कसं लावायचं ते दाखवलं.

२ जून

११८ तास. पावसाच्या आधी वखारीचं बहुतेक काम उरकलं. स्पायडर तोच आहे. पंपाचं सील कोरडं.

खर्चाचा हिशेब कपलिंग आणि जोडणीपुरता लिहितो. नीट लागलेलं: एल-१५० कपलिंग २,३५०, लेथ ४००, फ्रेम ४,१००, मिळून ६,८५०. वाया गेलेलं: एल-१०० चे ९५०, पहिल्या बोअरची मजुरी ३५०, पॉलियुरेथेन स्पायडर २८०, पंपाची दिशा आणि सील ७००, सांडलेलं तेल सुमारे ४००. मिळून २,६८०. दोन आठवड्यांत व्हायचं काम साडेसहा आठवड्यांनी झालं. टायर कपलिंग महाग म्हणून सोडलं होतं, ते ४,६०० चं होतं हेही इथं लिहायला हवं. तेव्हा ते घेतलं असतं तर स्पायडरचे प्रकार टळले असते, पण इंजिन रबरावर आणि पंप लोखंडावर ही चूक त्यानंही झाकली नसती. पाच-सहा मिलिमीटरचा डोल कुठल्याही कपलिंगनं फार दिवस सोसला नसता.

एक जादा स्पायडर आणि ३/१६ ची चावी तारेनं बांधून झाकणाच्या आतल्या बाजूला टांगून ठेवलीय. शेजारी पेंटनं लिहिलंय: एल-१५०, काळं रबर, फट २.५, पंप समोरून उलटा.